विकेपर्यंत स्पर्धा, विकल्यावर मक्तेदारी

शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तापीकाठच्या या बाजारात घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, मग चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, सोबत एखादा जाणकार आणतो आणि मगच किमतीचे बोलणे सुरू करतो. सौदा झाला की जनावर घेणाऱ्याचे. त्याला खरारा कोणी करायचा, नाल कोणाकडून ठोकायची, चारा कुठून आणायचा, हा त्याचा प्रश्न. ‘नाल माझ्याच माणसाकडून मारून घे, नाही तर माझी जबाबदारी संपली’ असे विकणारा म्हणू लागला, तर भर बाजारात त्याचे हसे होईल.

याच जिल्ह्यातला माणूस मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोबाईल विकत घेतो, तेव्हा मात्र नेमकी हीच अट तो निमूटपणे मान्य करतो. किंबहुना अशी अट आहे हेच त्याला ठाऊक नसते. ती इंग्रजी वॉरंटी कार्डावर, बारीक अक्षरात, मागच्या पानावर असते. दात पाहण्याची सोय नाही, चाल दाखवतात ती शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर, आणि भोवरे कळतात ते चांदसैलीच्या घाटात गाडी बंद पडल्यावर.

मोठ्या कंपन्यांच्या वागणुकीविषयी ग्राहकाचे मत काय, याची चर्चा आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला धरून होते. गाडीचा रंग, वेग, पडद्याचा आकार, कॅमेऱ्याची ताकद, असे तिचे विषय असतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे विषय नाहीत असे नव्हे. तरुण मुले इथेही कॅमेराच आधी बघतात. पण पैसे मोजणारा कर्ता माणूस वेगळाच प्रश्न विचारतो. ‘हिचा पार्ट कुठे मिळतो?’ आणि लगेच दुसरा, ‘आपल्या मिस्त्रीला ही खोलता येते का?’ या दोन प्रश्नांत कंपन्यांच्या साऱ्या वर्तनाची परीक्षा सामावलेली आहे, असे माझे मत आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यांपैकी ६९ टक्के आदिवासी. खाली तापीचे सपाट खोरे. तिथे केळी, पपई, ऊस, मिरची. वर सातपुडा, तिथे धडगाव, मोलगी, तोरणमाळ. खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या आठवड्यात अडला, तर एक हंगाम मागे पडतो. डोंगरातल्या पाड्यावरचा पिकअप बंद पडला, तर बाजार चुकतो. कधी कधी बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे साधनच उरत नाही. इथे यंत्राच्या दुरुस्तीला चैनीच्या वस्तूचा दर्जा देता येत नाही. दुरुस्ती लांबली की पोटाचा आणि प्रसंगी जिवाचाच प्रश्न उभा राहतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्यांनी १९९१ पूर्वीचा काळ पाहिला आहे, त्यांना बजाजच्या स्कूटरसाठी लावलेले नंबर आठवतात. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटार म्हणजे अॅम्बॅसिडर किंवा फियाट; डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली तेव्हा कुठे तिसरे नाव लोकांच्या तोंडी बसले. त्या काळात कंपनी ग्राहकाला उपकाराच्या भावनेने गाडी देत असे. स्पर्धा आली आणि हे चित्र बदलले. आज शहाद्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दुकानदार हाक मारून आत बोलावतो, हप्त्याची सोय करून देतो, चहा पाजतो. हा बदल चांगला झाला. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात काही अर्थ नाही.

परंतु ही स्पर्धा कुठपर्यंत असते? ती असते बिलावर सही होईपर्यंत. सही झाली, गाडी दाराशी आली, की स्पर्धा संपते आणि मक्तेदारी सुरू होते. घेताना दहा कंपन्यांतून एक निवडता येते; घेतल्यावर सुटा भाग एकाच कंपनीचा, यंत्र तपासण्याचे साधन तिचेच, ‘अधिकृत’ कारागीरही तिनेच नेमलेला. दहा जणांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला एकदाच मिळते, आणि त्यानंतर आठ-दहा वर्षे तो एकाच्या ताब्यात राहतो. उदारीकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध इतके बोलले गेले, पण या दुसऱ्या टप्प्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे. २०११ मध्ये तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असे तिचे स्वरूप होते. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने टाटा मोटर्स, मारुती, महिंद्र यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा, स्वतंत्र कारागिरांना तपासणीची साधने व माहिती द्या, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशाचे सार होते. दंडाच्या रकमेवरून अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंड कमी केला. पण ग्राहकाला बांधून ठेवण्याचा ठपका मात्र कायम ठेवला.

या आदेशातला विचार समजून घेण्यासारखा आहे. कंपन्यांचे म्हणणे असे होते की, बाजारात इतक्या गाड्या आहेत, मग आमची मक्तेदारी कसली? आयोगाचे उत्तर असे की, गाडीचा बाजार वेगळा आणि त्या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार वेगळा. एकदा गाडी घेतली की ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा भाग बसवता येत नाही. म्हणजे त्या दुसऱ्या बाजारात प्रत्येक कंपनी एकटीच राजा असते. आमच्या धडगावच्या पिकअपवाल्याला हे कधीचेच ठाऊक होते. फक्त त्याला ते कायद्याच्या भाषेत मांडता येत नव्हते.

त्यानंतर या बंधनाचे स्वरूप अधिक सूक्ष्म झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. हवा स्वच्छ राहावी म्हणून ती आवश्यकच होती. पण त्यामुळे मोटारसायकलीचा कार्बोरेटर गेला आणि इंधन टोचणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. कार्बोरेटर साफ करणे हे आपल्या रस्त्याकाठच्या मिस्त्रीचे हातखंडा काम. पान्याने, रॉकेलने आणि अनुभवाने तो ते करी. आता दोष शोधायला स्कॅनर लागतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. मिस्त्रीची अक्कल तीच आहे, हात तेच आहेत; पण यंत्राने त्याच्याशी बोलणेच बंद केले आहे. आपल्याकडचे बरेचसे ट्रॅक्टर अजून पान्याला दाद देतात, हे नशीब. अमेरिकेत ही पाळी ट्रॅक्टरवरही आली. जॉन डीअर या कंपनीच्या यंत्रांची दुरुस्ती शेतकऱ्याला स्वतः किंवा बाहेरून करून घेता येत नाही, म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. याच कंपनीचा कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात सणसवाडीला आहे. तिकडचे वारे इकडे यायला फार दिवस लागणार नाहीत.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचा अनुभव ताजा आहे. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात ओला इलेक्ट्रिकविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या. त्यांतल्या ३,३८९ तक्रारी सेवेला होणाऱ्या विलंबाच्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारींचे निवारण झाले, असे कंपनीने कळवले. तक्रारींचा आकडा खरा की निवारणाचा, हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा की, विक्रीचा वेग दुरुस्तीच्या तयारीपेक्षा इतका पुढे जाऊ दिला कुणी? पेट्रोलची गाडी बंद पडली तर गावातला कोणीतरी हात लावतो. या स्कूटरला हात लावायलाही परवानगी लागते, आणि परवानगी देणारा शे-दीडशे किलोमीटरवर बसलेला असतो.

मोबाईलची कथा वेगळी नाही. शहाद्याजवळच्या टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहनसिंग त्यासाठी आले होते. संगणकयुगाने थेट आदिवासी पाड्याचे दार ठोठावले, असे तेव्हा म्हटले गेले. तेव्हापासून रेशन, मजुरी, पीकविमा, शिष्यवृत्ती, सारे काही हळूहळू अंगठ्यावर आणि फोनवर आले. म्हणजे फोन आता हौसेचा राहिला नाही. आणि जी वस्तू गरजेची झाली, तिच्या उत्पादकाची जबाबदारीही वाढायला हवी. प्रत्यक्षात काय दिसते? नवा फोन हातात येतो तोच कंपनीच्या पसंतीच्या गोष्टी पोटात भरून. गुगलने आपल्या सेवा फोन बनवणाऱ्यांवर अशा रीतीने लादल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. जुने आयफोन मुद्दाम संथ केल्याची कबुली अॅपलने २०१७ मध्ये दिली. बॅटरी जपण्यासाठी तसे केले, असा तिचा खुलासा होता. हेतू काहीही असो, मालकाला न विचारता त्याच्या वस्तूत फेरफार झाला, ही गोष्ट उरतेच. शेजाऱ्याने न विचारता आपल्या बैलाचे खाद्य बदलले, तर आपण त्याचा हेतू विचारत बसतो का?

याहून गंभीर विषय जिवाचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी केली. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. फोक्सवॅगनने त्यानंतर दोन एअरबॅग असलेली पोलो चाचणीला दिली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. गाडी तीच, कंपनी तीच, रस्ताही तोच. फरक होता तो भारतीय ग्राहकाच्या जिवाची किंमत किती धरायची याचा. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशाची त्यानंतर. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. चांगले झाले. पण त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या भंगारात गेलेल्या नाहीत. शहरातल्या माणसाने सुरक्षित गाडी घेतली की त्याची जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने तालुक्याच्या गावी येते, आणि देवगोईच्या घाटात आठ माणसे घेऊन चढू लागते. दहा वर्षांपूर्वी वाचवलेल्या चार पैशांचे ओझे असे डोंगराकडे सरकत जाते.

फोक्सवॅगनचेच दुसरे उदाहरण पाहा. डिझेल गाड्यांत प्रदूषण-चाचणी चुकवणारी युक्ती बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. तिथल्या ग्राहकांना गाडी परत घेण्याचा पर्याय आणि वर नुकसानभरपाई मिळाली. भारतात सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर झाले आणि त्यांतली आज्ञावली बदलून देण्यावर भागवले गेले. आम्ही भारतीय नियम मोडलेले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने तूर्त सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. यावरून एकच धडा मिळतो. कंपनी मनाने चांगली किंवा वाईट नसते. ज्या देशात कायदा चावतो तिथे ती सौजन्याने वागते, आणि जिथे तो नुसता गुरगुरतो तिथे ती खुलासे करते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, बाजारात बनावट मालाचा सुळसुळाट आहे. अडाणी हातांनी ब्रेक दुरुस्त केला आणि अपघात झाला तर नाव आमचे जाते. शिवाय संशोधनावर आम्ही पैसा ओततो, त्याचे रहस्य रस्त्यावर का टाकावे? यातला पहिला मुद्दा खरा आहे. डुप्लिकेट माल किती घातक असतो हे प्रत्येक मिस्त्री सांगेल. पण डुप्लिकेट माल खपतो का? खरा माल मिळत नाही किंवा परवडत नाही म्हणून. खरा भाग नंदुरबारच्या दुकानात, छापील किमतीला, कोणत्याही गॅरेजवाल्याला मिळू लागला, तर बनावटीचा धंदा आपोआप आखडेल. अडाणी हातांचा आक्षेपही तसाच. हात अडाणी राहिले, कारण त्यांना शिकवायचे नाही असे ठरवले गेले. आणि ब्रेक कसा जोडावा हे सांगितल्याने इंजिनाचे गुपित फुटत नाही.

कायद्याने ग्राहकाला दिलेली हत्यारे मात्र पूर्वीपेक्षा धारदार आहेत, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातली एक तरतूद आपल्यासारख्या जिल्ह्यासाठी सोन्यासारखी आहे. गाडी धुळ्याला घेतलेली असो की सुरतेला, कंपनीचे कार्यालय चेन्नईत असो की गुरुग्रामला, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात त्याला दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. दोन वर्षांची मुदत तेवढी चुकवू नये. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाला थेट जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरणच या कायद्यात आहे.

पिकअप, ट्रॅक्टर किंवा रिक्षा घेणाऱ्यांना एक आक्षेप हमखास ऐकावा लागतो. ‘तुमचे वाहन धंद्याचे, तुम्ही ग्राहकच नाही.’ हे अर्धसत्य आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची ठरत नाही, असा खुलासा १९९३ मध्येच कायद्यात घातला गेला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलगडून सांगितला. स्वतः गाडी चालवून संसार चालवणारा माणूस ग्राहकच आहे. हे वाक्य प्रत्येक जीप थांब्यावर रंगवून ठेवण्याच्या लायकीचे आहे.

मग तक्रारी का होत नाहीत? कारण हत्यार आहे, पण ते उचलण्याची ताकद सर्वांकडे सारखी नाही. आयोगांतील रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. तारखेला नंदुरबारला यायचे म्हणजे धडगावच्या माणसाचा रोज बुडतो, भाडे जाते. १९१५ या क्रमांकाच्या हेल्पलाइनवर मराठीसह १७ भाषांत बोलता येते, ही चांगली सोय. पण भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या बाईला तिचा फोन कसा बिघडला हे परक्या भाषेत सांगायचे, म्हणजे अर्धी लढाई तिथेच हरली. शिवाय बिल जपून ठेवलेले नसते. पुष्कळदा पक्के बिल दिलेलेच नसते.

म्हणून मागण्या मोठ्या नकोत, नेमक्या हव्यात. वॉरंटीच्या अटी मराठीत, वाचता येतील अशा अक्षरात द्याव्यात. सुट्या भागांची किंमत आणि ते किती वर्षे मिळतील याची हमी शोरूमच्या भिंतीवर लावावी. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि शेतीची अवजारे व वाहने त्यात धरली. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक कसा असावा, याचा अहवालही मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासूनच वस्तूवर छापला जातो. आपल्याकडे तो मोबाईलपुरता न ठेवता ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीवरही यावा. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये कंपन्यांनी आपले स्कॅनर आणि आपले शिक्षक द्यावेत, म्हणजे आजचा मिस्त्री उद्या बेकार होणार नाही. आणि जिल्हा आयोगाने वर्षातून काही दिवस तरी धडगावला, अक्कलकुव्याला बसावे.

यातले काही सरकारने करायचे आहे, काही कंपन्यांनी. ग्राहकाच्या हातात एक गोष्ट आजच आहे. पुढच्या वेळी शोरूममध्ये चहा पिताना ‘मायलेज किती’ हे विचारून झाल्यावर त्याने आणखी एक प्रश्न विचारावा. ‘ही गाडी माझ्या गावचा मिस्त्री खोलू शकेल का, आणि नसेल तर का?’ उत्तर पटले नाही तर उठावे. सही करण्याआधी उठून जाण्याची मोकळीक त्याला असते. नंतर ती कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.